चोपन्न अंश, चौदा दिवस

(उन्हाळी अभ्यासवर्गात रेल्वे व डाक कामगारांसमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)



सकाळी चहाच्या वेळी दोघा-तिघांनी आम्हाला विचारले, "कीटकनाशकांची उष्णता-चाचणी हा युनियनचा विषय कधीपासून झाला? तो प्रयोगशाळेतल्या साहेबांचा विषय." प्रश्न रास्त आहे. वेतन, बोनस, कंत्राटी पद्धत, रिक्त जागा यांवर या वर्गात बोलणे झाले आहे आणि पुढेही होईल. परंतु ढेकूण-झुरळ-डास मारायची औषधे, उंदरांची औषधे, शेतावरची औषधे ही सगळी या देशात कोणाच्या खांद्यावरून जातात? पार्सल शेडमधल्या हमालाच्या, गुड्स शेडमधल्या माणसाच्या. पिट लाइनवर डब्यात फवारणी होते तेव्हा पंप कोणाच्या पाठीवर असतो? कंत्राटी कामगाराच्या. आणि "घरगुती सामान" म्हणून बुक केलेल्या पुडक्यातून वास येऊ लागतो तेव्हा ती पिशवी कोण उचलतो? आर.एम.एस.चा माणूस. म्हणून हा विषय आमचा आहे आणि तुमचाही.

आधी घडलेली एक गोष्ट सांगतो. स्थानकाचे नाव सांगत नाही, सांगण्याचे कारणही नाही. असे स्थानक तुमच्यापैकी प्रत्येकाला माहीत आहे. मे महिन्याची दुपार होती. पत्र्याच्या शेडमध्ये तीन दिवस पडून राहिलेल्या मालात पत्र्याचे काही डबे होते. उन्हाने ते फुगले होते. एकाची शिवण सुटली होती. आमच्या सहकाऱ्याने तो डबा खांद्यावर घेतला आणि सदऱ्याची बाही ओली झाली. त्याने ती पिळली, हात पुसला आणि पुढचा डबा उचलला, कारण गाडी उभी होती. संध्याकाळी त्याला ओकाऱ्या सुरू झाल्या, डोके फिरू लागले, डोळ्यांपुढे धुके आले. दवाखान्यात पहिले निदान झाले ते "ऊन लागले" असे. सलाईन लावले. रात्री एका तरुण डॉक्टरने डोळ्यांवर विजेरी धरली, बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या झालेल्या पाहिल्या, तोंडाला सुटलेली लाळ पाहिली आणि विचारले, "हा दिवसभर कोणत्या औषधात होता?" आम्ही शेडकडे धावलो. गळलेल्या द्रवाने डब्यावरची छपाई धुऊन काढली होती, नाव वाचता येईना. पावतीवर नुसते "औषधे" लिहिलेले. डॉक्टरांनी नावाची वाट पाहिली नाही, ॲट्रोपिन सुरू केले. माणूस वाचला. नंतर आम्ही पत्र लिहिले, त्याला उत्तर आले: सदर कर्मचाऱ्याने हातमोजे का वापरले नाहीत याचा खुलासा करावा. हातमोजे त्या शेडला कधी आलेच नव्हते.

त्या दिवसापासून आमच्या डोक्यात एक प्रश्न घोळत राहिला. हे औषध कारखान्यातून निघते तेव्हा त्याला हा उन्हाळा सोसेल की नाही, हे कोणी पाहते का?

पाहतात. चाचणी आहे, आणि ती चांगली आहे. कीटकनाशकांच्या तपासणीच्या पद्धती ठरवणारे सिपॅक नावाचे आंतरराष्ट्रीय मंडळ आहे. त्याच्या पद्धतीप्रमाणे औषधाचा नमुना बाटलीत बंद करून ५४ अंश सेल्सिअसच्या भट्टीत १४ दिवस ठेवतात. पाण्यात मिसळायची भुकटी असेल तर तिच्यावर थोडे वजनही ठेवतात, कारण गोदामात थप्पीतल्या खालच्या पोत्यावर वरच्या पोत्यांचा भार असतो. हा बारकावा पाहून आम्हाला बरे वाटले. थप्पी लावणाऱ्याचा विचार करणारा कोणीतरी त्या खोलीत बसला होता म्हणायचे. १४ दिवसांनी नमुना बाहेर काढून पाहतात की मूळ औषधापैकी किमान ९५ टक्के शिल्लक आहे का, भुकटीचे ढेकूळ झाले का, पाण्यात ती पूर्वीसारखी तरंगते का, तेलकट औषधाचे पाण्यात नीट दूध होते का. यात पास झाले तर साधारण हवामानात माल दोन वर्षे टिकेल असा अंदाज धरतात. तापमान वाढले की रासायनिक क्रिया वेगाने होते, दर दहा अंशांना ढोबळमानाने दुपटीच्या आसपास, हे तत्त्व त्यामागे आहे. दोन वर्षांची झीज दोन आठवड्यांत करून पाहायची.

५४ अंश सोसत नसलेल्या औषधांना पर्याय दिलेले आहेत: ५० अंशांत ४ आठवडे, ४५ अंशांत ६ आठवडे, ४० अंशांत ८ आठवडे, असे खाली खाली. हे आकडे ऐकताना तुमच्यातल्या काही जणांचे डोळे विस्फारलेले दिसतात. ४० अंशांत आठ आठवडे! अहो, हा तर आपला एप्रिल-मे झाला. चंद्रपूर, नागपूर, भुसावळ, इटारसी, झाशी, कोटा इथे नोकरी केलेल्या माणसाला ४० अंश म्हणजे काय ते सांगायला नको. राजस्थानात फलोदीला १९ मे २०१६ रोजी पारा ५१ अंशांवर गेला होता, आणि हवामान खात्याचा पारा सावलीतला असतो. पत्र्याखालचा, बंद वॅगनमधला, फलाटावर उन्हात उभ्या केलेल्या हातगाडीवरच्या ताडपत्रीखालचा पारा त्याहून बराच वर असतो. बरोबरीने हेही सांगितले पाहिजे की रात्री पारा उतरतो, भट्टीचा उतरत नाही. म्हणून आपला एक उन्हाळा म्हणजे पुरी चाचणी असे म्हणता येणार नाही. पण जी झीज दोन वर्षांत वाटून व्हायची, तिचा मोठा हिस्सा एका उन्हाळ्यात होऊ शकतो, एवढे नक्की म्हणता येते. आणि माल एकच उन्हाळा पाहतो असेही नाही.

आता कोणी म्हणेल, औषध झिजले तर झुरळे कमी मरतील, कामगाराचे काय बिघडले? उलट विष कमी झाले, बरेच झाले!

हा समज किती महागात पडतो ते १९७६ साली पाकिस्तानात दिसले. ही हकिकत नीट ऐका, कारण ती फवारणी कामगारांची आहे.

तिथल्या मलेरिया नियंत्रणात पूर्वी डी.डी.टी. वापरत. डास डी.डी.टी.ला दाद देईनासे झाले, म्हणून मॅलॅथिऑन आणले, पाण्यात कालवायची ५० टक्क्यांची भुकटी. मॅलॅथिऑन हे त्याच्या जातीतले सौम्य औषध मानले जाते. आपल्याकडेही मलेरियाच्या कार्यक्रमात ते वर्षानुवर्षे मारले गेले आहे. त्या कामावर सुमारे ७,५०० फवारणी कामगार होते. जुलै १९७६ मध्ये त्यांतले अंदाजे २,८०० आजारी पडले. डोकेदुखी, मळमळ, ओकारी, अंधुक दिसणे, गळून जाणे. किमान पाच जण दगावले. सौम्य औषधाने माणसे मेली कशी?

चौकशी झाली, निष्कर्ष १९७८ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. भुकटीत मॅलॅथिऑनखेरीज आयसोमॅलॅथिऑन नावाचा दुसरा पदार्थ सापडला. तो कोणी मुद्दाम घातलेला नव्हता. मॅलॅथिऑन साठवणीत, उष्णतेत राहिले की त्याचाच थोडा भाग रूप बदलून आयसोमॅलॅथिऑन होतो, आणि ज्या मातीच्या भुकटीवर औषध चढवलेले असते ती माती या बदलाला हातभार लावते. वेगवेगळ्या कारखान्यांचा माल तिथे आला होता, आणि ज्या मालात हा पदार्थ जास्त, त्या मालाने माणसे जास्त आजारी पडली.

हा पदार्थ करतो काय? माणसाच्या शरीरात, मुख्यतः यकृतात, मॅलॅथिऑनचे तुकडे करून ते निरुपद्रवी करणारे एक पाचक द्रव्य असते. किड्यांमध्ये ही सोय फारशी नसते. म्हणूनच मॅलॅथिऑन किड्याला मारते आणि माणसाला बेताने सोडते. आयसोमॅलॅथिऑन नेमके त्याच द्रव्याला निकामी करते. म्हणजे फाटकावरचा पहारेकरी आधी आडवा करायचा आणि मग मालगाडी आत सोडायची. टक्केवारीने पाहिले तर डब्यातले औषध थोडेसेच घटलेले असते, पण माणसाला असलेला धोका कितीतरी वाढलेला असतो. "जुने औषध म्हणजे फिके औषध" हे म्हणून खोटे आहे. जुने, तापलेले औषध काही वेळा नव्यापेक्षा वाईट असते.

चौकशीत दुसरी गोष्टही पुढे आली आणि ती आपण लपवता कामा नये. डी.डी.टी.ची भुकटी कातडीतून फारशी आत जात नाही. त्या काळात कामगारांना ज्या सवयी लागल्या, हाताने कालवणे, गळक्या पंपाने पाठ भिजू देणे, तेच कपडे अंगावर ठेवणे, त्या मॅलॅथिऑन आल्यावरही तशाच राहिल्या. हवेत औषध फार कमी सापडले. विष गेले ते कातडीतून. माल बदलला, शिकवले कोणीच नाही. प्रशिक्षण दिल्यावर आणि खराब माल दूर केल्यावर सप्टेंबरपर्यंत साथ आटोक्यात आली. पण याचा अर्थ "कामगार निष्काळजी" असा काढणाऱ्यांना आम्ही विचारतो: पंपाचे वॉशर बदलणे, साबण-पाणी ठेवणे, नव्या औषधाची माहिती देणे हे काम फवारणाऱ्याचे की फवारून घेणाऱ्याचे?

त्या घटनेनंतर जागतिक आरोग्य संघटनेने मॅलॅथिऑनच्या भुकटीची मानके बदलली. नमुना तापवून ठेवायचा आणि नंतर त्यात आयसोमॅलॅथिऑन किती झाले ते मोजायचे, ठराविक मर्यादेपलीकडे असेल तर माल नापास. म्हणजे पूर्वी "औषध किती उरले" एवढे पाहत, आता "नवे काय तयार झाले" हेही पाहू लागले. पाच माणसांच्या मरणाने प्रयोगशाळेच्या वहीत एक रकाना वाढला. आम्ही हे उपहासाने म्हणत नाही. बहुतेक सुरक्षा नियमांचा जन्म असाच आहे.

आपल्या देशातल्या कायद्याचेही तेच. १९५८ साली केरळात आणि तेव्हाच्या मद्रास राज्यात गव्हाच्या पिठातून विषबाधा होऊन शंभराहून अधिक माणसे मेली. जहाजात पिठाच्या सोबत पॅराथिऑन या जहाल कीटकनाशकाचे डबे होते, ते गळले. न्यायमूर्ती जे. सी. शहा यांचा चौकशी आयोग नेमला गेला. त्यानंतर दहा वर्षांनी, १९६८ साली कीटकनाशक कायदा झाला आणि १९७१ मध्ये तो नियमांसह अमलात आला. म्हणजे हा कायदा मुळात वाहतुकीतल्या गळतीतून जन्मलेला आहे, शेतातून नव्हे. वाहतूक कामगारांनी तो परका समजू नये.

त्या १९७१ च्या नियमांतला ३५ वा नियम आपल्या शाखांनी पाठ करावा. रेल्वेने जाणारे कीटकनाशक रेल्वेच्या रेड टॅरिफमधील अटींप्रमाणेच बांधलेले असले पाहिजे. खाद्यपदार्थांना किंवा जनावरांच्या चाऱ्याला ते लागेल अशा रीतीने नेता वा ठेवता येत नाही. डबा फुटून धान्यात मिसळले तर तपासणीशिवाय ते धान्य सोडता येत नाही. आणि गळती झाली तर विषबाधा होऊ नये म्हणून तातडीने उपाय करणे ही वाहतूक करणाऱ्या संस्थेची किंवा साठवणाऱ्याची जबाबदारी आहे. खांद्यावर डबा घेणाऱ्याची नव्हे! ३६ वा नियम सांगतो की साठवण वेगळ्या खोलीत किंवा कुलपाच्या कपाटात हवी, खोली कोरडी, उजेडाची आणि हवेशीर हवी. पुढचे नियम वैद्यकीय तपासणी, संरक्षक कपडे, प्रथमोपचार, उतारा आणि प्रशिक्षण यांविषयी आहेत. डाकेच्या साथींसाठी: घातक पदार्थ टपालाने पाठवायला १८९८ च्या पोस्ट कायद्यापासून मनाई आहे. मनाई असूनही ते येतात, खोटी नावे लावून येतात. तेव्हा वास येणारी, ओली झालेली, फुगलेली वस्तू पिशवीत कोंबायची नाही, बाजूला ठेवायची आणि लेखी कळवायचे. खाडा होईल, बॅग उशिरा जाईल, कोणी ओरडेल. ओरडू द्या.

डब्यावरच्या रंगीत चौकोनाविषयी थोडे. खालच्या त्रिकोणाचा रंग लाल असेल तर सर्वांत जहाल, मग पिवळा, निळा, हिरवा. हा रंग अनेकांना माहीत असतो आणि हिरवा-निळा पाहिला की माणूस सैल होतो. लक्षात ठेवा, तो रंग ताज्या मालाचा आहे. पाकिस्तानातले ते औषधही "सौम्य" गटातलेच होते. म्हणून रंगाच्या बरोबरीने उत्पादनाची तारीख आणि मुदत संपण्याची तारीख वाचायची, आणि डबा फुगला आहे का, तळाशी ओल आहे का, भुकटीचा दगड झाला आहे का हे पाहायचे.

भोपाळचे नाव घेतल्याशिवाय हा विषय पुरा होत नाही, विशेषतः रेल्वेच्या सभेत. तिथले एम.आय.सी. हे कीटकनाशक बनवण्याचा कच्चा माल होते. ते ३९ अंशांना उकळते. म्हणून टाकी थंड ठेवायची यंत्रणा बसवलेली होती. २ डिसेंबर १९८४ च्या रात्री ती बंद होती, काही महिने आधीपासून बंद होती. टाकीत पाणी शिरले, क्रिया सुरू झाली, टाकी तापत गेली आणि गावात वायू सुटला. भोपाळ स्थानकाचे उपस्थानक अधीक्षक गुलाम दस्तगीर यांनी त्या रात्री प्रवाशांनी भरलेली गाडी वेळेआधी सोडून दिली आणि शेजारच्या स्थानकांना इशारे पाठवले. त्यांचे काही सहकारी कामावरच गेले. ते स्वतः पुढे अनेक वर्षे त्या वायूने दिलेले आजार सोसत जगले. उष्णता सांभाळणाऱ्या यंत्राचा खर्च वाचवला की त्याची किंमत कोण देतो, ते आपल्या खात्याने पाहिलेले आहे.

आता पिट लाइनवर येऊ. डब्यात झुरळ-ढेकणांची फवारणी करायची तर खिडक्या बंद करून करतात. बाहेर ४३ अंश, आत त्याहून जास्त, आणि दुपारी दोनला ठेकेदाराची माणसे आत पंप मारतात, कारण गाडी संध्याकाळी सुटायची असते. इथे दोन गोष्टी एकत्र येतात. उष्णतेत औषधाची वाफ जास्त होते. आणि उष्णतेत माणसाच्या कातडीखालचा रक्तपुरवठा वाढतो, घाम येतो, कातडी ओली राहते, त्यामुळे औषध शरीरात शिरणे सोपे होते. शिवाय त्या भट्टीत रबरी कोट आणि मुखवटा घालून अर्धा तासही काढता येत नाही. घातला तर ऊन लागून पडेल, काढला तर औषध लागेल. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर मेले, तेव्हाही "त्यांनी साधने वापरली नाहीत" हेच ऐकू आले. त्या दमट उकाड्यात ती साधने कोणाच्याने वापरवतील, हे बोलणाऱ्यांपैकी किती जणांनी स्वतः घालून पाहिले होते?

औषधाची बाटली ५४ अंशांत १४ दिवस ठेवून तपासतात. फवारणाऱ्या माणसासाठी असा कागद कोणी दाखवलेला आम्ही पाहिला नाही. म्हणून आमची मागणी साधी आहे: उन्हाळ्यात डब्यातली फवारणी पहाटे किंवा सूर्यास्तानंतर व्हावी, त्याआधी डबा उघडा ठेवून थंड व्हावा, त्यानंतर तो हवेशीर होईपर्यंत कोणाला आत पाठवू नये, सफाईवाल्या भगिनींनाही नाही. त्यांचा विचार नेहमी शेवटी होतो, आणि बंद डब्यात पहिल्यांदा शिरतात त्याच. कंत्राटी माणसे आपली सभासद नाहीत म्हणून आपण गप्प बसायचे, ही चाल आता सोडली पाहिजे. पंप त्यांच्या पाठीवर असला तरी डबा आपला आहे.

खरेदीच्या बाबतीतही बोलायला जागा आहे. निविदा काढताना सर्वांत कमी दर पाहतात. आमचे म्हणणे आहे की प्रत्येक खेपेबरोबर उष्णता-चाचणीचा अहवाल मागावा, मुदत संपत आलेला माल स्वस्तात घेऊ नये, आणि शंका आली तर नमुना तपासणीला पाठवावा. फरीदाबादला केंद्रीय कीटकनाशक प्रयोगशाळा त्यासाठीच आहे. सुरक्षा समितीच्या बैठकीत हा मुद्दा लेखी द्या. तोंडी दिलेला मुद्दा इतिवृत्तात येत नाही, हा आपला सगळ्यांचा अनुभव आहे.

आणि ऊन लागल्याचे व विष लागल्याचे सोंग एकसारखे असते, हे घरीदारी सांगा. डोके दुखते, चक्कर येते, ओकारी होते, दोन्हींत होते. पण डोळ्यांच्या बाहुल्या बारीक, तोंडाला लाळ, छातीत घरघर, अंगाला दरदरून घाम असेल तर डॉक्टरांना आपणहून सांगा की हा माणूस औषधात होता. कपडे उतरवा, अंग साबणाने धुवा, डब्यावरचे नाव सोबत न्या. नाव पुसले असेल तर पावती न्या. पावतीवर नुसते "औषधे" असेल तर तसे सांगा, तीही माहितीच आहे. आमच्या सहकाऱ्याच्या वेळी आम्हाला यातले काहीच ठाऊक नव्हते.

शेवटी एक काम नेमून देतो. इथे बसलेल्यांपैकी कोणालाही आपल्या शेडमधला पारा किती चढतो हे आकड्यात सांगता येणार नाही. आम्हालाही येत नाही. प्रशासनाकडे गेलो की ते म्हणतात, "तुमच्याकडे पुरावा काय?" तेव्हा प्रत्येक शाखेने एक साधा भिंतीवरचा थर्मामीटर विकत घ्यावा, पार्सल शेडमध्ये किंवा सॉर्टिंगच्या खोलीत, जिथे माल ठेवतात त्याच उंचीवर टांगावा आणि एप्रिल ते जून रोज दुपारी दोन वाजता आकडा वहीत लिहावा. ज्याची ड्यूटी असेल त्याने लिहावा आणि सही करावी. जुलैच्या पहिल्या आठवड्यात वह्या आमच्याकडे पाठवा. इटारसीच्या साथींनी थर्मामीटर कालच आणला आहे. सभा संपल्यावर तो कुठे टांगायचा ते पाहायला आम्ही त्यांच्याबरोबर शेडमध्ये जाणार आहोत. ज्यांना यायचे त्यांनी डोक्याला रुमाल बांधून यावे.